या घराले किती किलोवॅट लागतीन?

लोक मला म्हणतात, "ताई, सोलरच्या धंद्यात कसले आले किस्से? पॅनल, वायर अन् नट-बोल्ट!"

त्यांना काय सांगू! एखाद्या घराला किती किलोवॅटची सिस्टीम पुरेल हे ठरवायचं, तर आधी त्या घराला शंभर प्रश्न विचारावे लागतात. पंखे किती, कूलर किती, दुपारी घरी कोण असतं, कोण कुठे झोपतं, पुढे कोणी राहायला येणार आहे का? तिसऱ्या-चौथ्या प्रश्नाला माणूस पंख्यावरून घरातल्या गोष्टींवर येतो. वही भरते विजेची, डोकं भरतं माणसांनी!

बोरगाव मेघेत माझं छोटं दुकान आहे. घरी जाऊन मोजमाप मी करते, बसवायचं काम गजाननभाऊ बघतात. दुपारी चहा घेताना आम्ही हे प्रसंग आठवतो आणि हसतो. पण ते आत्ता. त्या त्या वेळी तिथून पळ काढावासा वाटला होता.

*

आमच्या दुकानामागच्याच गल्लीतली गोष्ट. दोन भाऊ, घर एक, खालीवर दोन संसार, दोन मीटर आणि स्लॅब मात्र एकच. दोघांनाही तीन-तीन किलोवॅट हवे होते. भावाभावांत बोलणं नव्हतं, हे आम्हाला स्लॅबवर गेल्यावर कळलं.

थोरला माझ्याकडे बघून म्हणाला, "मॅडम, त्याले सांगा, जिन्याकडची बाजू माही हाय."

'तो' तिथेच, दोन हातांच्या अंतरावर उभा!

धाकटा म्हणाला, "मॅडम, त्याले सांगा, जिना बाबानं बांधला, त्यानं नाई."

गजाननभाऊ टेप धरून मोजत होते. धाकट्यानं टेपचं एक टोक त्यांच्या हातून घेतलं. थोरल्यानं दुसरं पकडलं. टेप ताणला गेला. पोलादी पट्टी, कडा ब्लेडसारखी. दोघांच्याही मुठी पांढऱ्या पडल्या, सोडायला कोणी तयार नाही. खालून दोघांच्या बायका वर बघत उभ्या. मला वाटलं, आता रक्त निघतं!

गजाननभाऊ हळूच म्हणाले, "भाऊ, टेप माहा हाय."

कोणी हसलं नाही.

तेवढ्यात जिन्यावरून त्यांची आई वर आली. हातात कुरडयांचं पातेलं. तिनं दोन्ही मुलांकडे पाहिलं, ताणलेल्या टेपखालून वाकून पलीकडे गेली आणि स्लॅबच्या ऐन मधोमध, जिथे दिवसभर कसलीच सावली येत नाही तिथे, जुनं लुगडं अंथरलं.

"हे माही जागा. तुमचं काय वाटायचं थे उरलेल्यात वाटा."

टेप त्यांच्याच हातात, म्हणून मी पावलांनी पुन्हा मोजलं. उरलेल्या जागेत प्रत्येकी दोनच किलोवॅट बसत होते. तसं मी सांगितलं. मग धाकट्यानं टेप सोडला आणि माझ्याकडे न बघता थेट थोरल्याला विचारलं, "दोन पुरतीन का रे?"

थोरला म्हणाला, "पुरवू."

*

आर्वी नाक्याजवळचं एक जोडपं. दोघंही पन्नाशीतले, मुलगी लग्न होऊन गेलेली. साहेब सोफ्यावर, बाई स्वयंपाकघरात. मी लिहीत होते.

"कूलर किती?"

"एक," साहेब म्हणाले.

आतून आवाज आला, "दोन."

मी पेन थांबवलं. साहेब म्हणाले, "एकच आहे. हॉलमधला."

"अन् मी झोपते तिथला काय पाहुण्यांचा हाय?"

गजाननभाऊ उगाच छताकडे बघू लागले. आपण विजेचं विचारायला आलो आणि कुठे पाय पडला, असं झालं मला! दोन कूलर म्हणजे तीन किलोवॅट, एक म्हणजे दोनमध्येही भागतं. पण पुन्हा विचारायची हिंमत होईना.

शेवटी साहेब खाली बघून म्हणाले, "दोन लिहा."

पुढच्या उन्हाळ्यात सर्व्हिसला गेले. मीटरवर बघते तर युनिट भरपूर उरत होते. मी म्हटलं, "काका, वापर कमी झाला की काय?"

साहेब नुसतेच हसले. बाई मात्र पदर सावरत म्हणाल्या, "सिस्टीम जरा मोठीच झाली वाटते!"

*

रोहण्याचे वामनराव, शेतकरी माणूस. घरात नवरा-बायको दोघंच. चार पंखे, फ्रिज, एक कूलर. मी हिशेब करून सांगितलं, "काकाजी, दोन किलोवॅट भरपूर झाले."

"पाच लावा."

"पाचची गरज नाही. तुमचं बिलच सांगतं ना."

"मॅडम, तुमी विकाले आल्या का अडवाले?"

आवाज चढला. मी समजावत गेले, ते उठून उभे राहिले. "माह्या स्लॅबवर मी काय लावाव, हे तुमी सांगसान? शेजारच्याइथं लावताना नाई विचारलं!" अंगणातली कोंबडी पळाली, रस्त्यावरून जाणारे दोघं थांबले. गजाननभाऊंनी माझी पिशवी उचलून खांद्याला लावली, म्हणजे निघा आता!

मीही हट्टी. म्हटलं, "लावते पाच. पण चालवणार काय त्याच्यावर?"

वामनरावांनी तोंड फिरवलं. बोलल्या त्यांच्या बायको, शांताकाकू. तोवर त्या दारातच बसून तूर निवडत होत्या.

"एसी लावाचा हाय. पोरगा पुण्याले राह्यते. मागच्या मे महिन्यात नातू आलता, दीड वर्साचा. साऱ्या अंगभर घामोळ्या. रडून रडून आवाज बसला त्याचा. तिसऱ्या दिवशी घेऊन गेले."

"वर्षातून किती दिवस येतात?"

"आठ. आले तं."

मी वहीत डोकं घातलं. "काकू, आठ दिवसांसाठी एवढी मोठी सिस्टीम म्हणजे…"

"बाई," काकू म्हणाल्या, "तुमी वर्साचा हिशेब करून राह्यल्या. आमी त्या आठ दिवसांसाठीच तं वर्स काढतो."

मी तीन किलोवॅट लिहिले आणि शेजारी चार पॅनलची, म्हणजे आणखी दोन किलोवॅटची, जागा मोकळी सोडायला सांगितली. वामनरावांनी मान हलवली, पण चहा झाला तरी माझ्याशी बोलले नाहीत.

जून लागता लागता काकूंचा फोन आला. मागून लहान पोराचा खिदळण्याचा आवाज येत होता.

"बाई, थे राह्यलेले चार पॅनल कधी लावसान?"

*

मेश्राम सर हायस्कुलात शिकवतात. त्यांच्याकडे आम्ही विनाबॅटरीची सिस्टीम बसवली होती. ही सिस्टीम लाइनशी जोडलेली असते. लाइट गेली की ती आपोआप बंद होते, मग वर कितीही ऊन असो. हे मी त्यांना सांगितलं होतं. पण सांगितलेलं आणि ऐकलेलं यात फरक असतो!

त्यांच्या मुलीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा होता. मे महिना, भर दुपार. पन्नास-साठ माणसं हॉलमध्ये, नवरदेवाकडची मंडळी समोर. सर पाहुण्यांना मोठ्या अभिमानानं सांगत होते, "आमच्याइथे लाइटचं टेन्शन नाई. सोलर हाय!"

आणि लाइट गेली.

कूलर थांबले. पंखे थांबले. सरांचा मला फोन आला, "जयभीम मॅडम. ताबडतोब या." बाकी एक शब्द नाही. असा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता.

आम्ही पोहोचलो तेव्हा मुलगी घामानं डबडबून बसली होती. मुलाची आई पदरानं वारा घेत होती. ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "सोलर नुसतं दाखवाले हाय वाटते. अजून काय काय दाखवाले हाय, देव जाणे!"

मेश्राम सरांचा चेहरा पांढराफटक झाला. मुलगी उठून आत गेली. सर माझ्याकडे वळले. "मॅडम, सांगा सगळ्यांसमोर. ऊन पडून राह्यलं, पॅनल चमकून राह्यले, मंग पंखा काऊन बंद?"

मी काही सांगायच्या आत गजाननभाऊच पुढे झाले, हात जोडून.

"चूक सरांची नाई. लाइट गेली म्हंजे कोठंतरी वायरमन खांबावर चढला असंन. तारेत लाइट नाई, असं समजून थो हात लावते. अशा टायमाले ह्या घरातून लाइट उलटी तारेत गेली, तं थो तिथंच चिपकून मरंन. म्हणून हे मशीन सोताहून बंद होते."

समोरच्या रांगेत मुलाचे वडील बसले होते. रापलेला माणूस. ते उठले. उजव्या हाताची बाही त्यांनी कोपरापर्यंत वर केली. मनगटापासून वर भाजल्याचा जुना, गुळगुळीत व्रण.

"तीस वर्सं खांबावर चढलो मी," ते म्हणाले. मग बायकोकडे वळून, "पोरीले बाहेर बोलाव. साक्षगंध होऊन जाऊ दे."

*

शेवटचा प्रसंग सावंगीचा. हा मी फारसा कोणाला सांगत नाही.

घर नवरा, बायको आणि नवऱ्याच्या म्हाताऱ्या वडिलांचं. म्हातारे एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालेले. मुलगा आणि सून दोघं नोकरीवर, म्हणून मोजमापाला गेले तेव्हा म्हातारे एकटेच भेटले. व्हरांड्यात खुर्चीवर, इस्त्रीचा शर्ट घालून. त्यांनी घरातल्या वस्तूंची यादी आधीच करून ठेवली होती. अक्षर असं की छापल्यासारखं. मिक्सर, इस्त्री, मोबाइलचे तीन चार्जर, दारावरची बेलसुद्धा! मी म्हटलं, "काकाजी, अशी यादी मला आजवर कोणी दिली नाही." ते फक्त हसले. एकंदर बोलणं कमीच, एकेक शब्द तोलून. मला वाटलं, स्वभाव कडक असेल.

मुलाला फोन केला, तर तो म्हणाला, "बाबांनी लिहून दिलं ना? मग झालं. त्यांच्या हातून काही सुटत नाही."

यादीप्रमाणे मी तीन किलोवॅट काढले. विनाबॅटरीचे.

बसवायच्या दिवशी सून घरी होती. ती वर स्लॅबवर आमच्या फिटरांना पाण्याच्या टाकीचा पाइप कुठून गेलाय ते दाखवत होती. वर बॅटरीवरचा ड्रिल चालू होता. खाली मीटरपाशी गजाननभाऊ आणि मी. भाऊंनी आवाज दिला, "मेन बंद करून राह्यलो!" आणि स्विच खाली ओढला. मग मेनमधली वायर सोडवून बाजूला केली.

थोड्याच वेळात आतून बारीक आवाज येऊ लागला. टीं… टीं… टीं…

"कोणाचा तरी मोबाइल," भाऊ म्हणाले.

आवाज थांबेना. मी आत गेले. हॉलमध्ये काही नव्हतं. मागच्या खोलीचं दार लोटलेलं होतं, ते ढकललं.

काकाजी पलंगाच्या काठावर पुढे वाकून बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून. नाकात नळी. नळीचं दुसरं टोक पलंगाखालच्या एका पांढऱ्या मशीनला. ऑक्सिजनचं मशीन! यादीत त्याचं नावच नव्हतं. तेच ओरडत होतं, त्याच्यावरचा लाल दिवा लुकलुकत होता. त्यांची छाती जोरजोरात हलत होती आणि आत हवा जात नव्हती. ओठ जांभळे.

"भाऊ! मेन टाका! मेन!"

"वायर सोडवली हाय!" भाऊ ओरडले. "थांबा, जोडतो!"

कोपऱ्यात एक छोटा सिलिंडर उभा होता. काकाजींनी त्याच्याकडे बोट दाखवलं. मी धावले. वरची चावी फिरवते तर फिरेना. उजवीकडे, डावीकडे, दोन्ही हातांनी, साडीच्या पदरानं धरून. हात घामानं ओले. बाहेर भाऊंच्या हातून पाना पडल्याचा आवाज आला. मी सुनेला हाक मारली, वर ड्रिल चालू, ऐकणार कोण? परत काकाजींपाशी आले, तर त्यांनी माझं मनगट पकडलं. म्हाताऱ्या हातात एवढी ताकद असते, हे मला माहीत नव्हतं. डोळे माझ्यावर रोखलेले. मी नुसतं म्हणत होते, "आलीच, आलीच, काकाजी, लाइट आलीच." किती वेळ गेला मला खरंच सांगता येणार नाही.

मग मशीननं एक लांब शिट्टी मारली आणि घरघरायला लागलं.

एक श्वास. दुसरा. तिसऱ्याला त्यांचे खांदे थोडे खाली आले. मनगट मात्र सोडलं नाही. दारात गजाननभाऊ उभे होते, बोटातून रक्त येत होतं.

ड्रिल थांबला. जिन्यावर धडधड पावलं वाजली आणि सून खोलीत आली. तिनं मशीनकडे पाहिलं, माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, भाऊंच्या हाताकडे पाहिलं.

"मामाजी! काय झालं? मशीन बंद पडलं होतं का?"

मी तोंड उघडलं. सगळं सांगून टाकायचं ठरवलंच होतं. काकाजींनी माझं मनगट जरा दाबलं.

"काई नाई, बेटा," ते थांबत थांबत म्हणाले. "मॅडम विचारून राह्यल्या… हे मशीन किती लाइट खाते म्हणून. मी म्हटलं… लिवून घ्या."