रहमतमिस्त्रीच्या दुकानातली पाडणी

रहमतची आणि मोटारसायकलची पहिली भेट आर्णीच्या आठवडी बाजारात झाली आणि त्या भेटीला अख्खा बाजार हजर होता. रहमत तेव्हा विशीत होता. कुणीतरी हौसेनं त्याला नव्या गाडीवर बसवलं, त्यानं हौसेनं क्लच सोडला, आणि गाडीनं पुढचं चाक उचलून आभाळाकडं पाहिलं. मग ती निघाली. मिरचीच्या ढिगातून गेली तेव्हा बसस्टँडपर्यंतची माणसं शिंकली. कापडवाल्याची टांगलेली लुगडी हँडलला अडकली आणि गाडीमागं पताकांसारखी फडफडत राहिली. एका न्हाव्याचं गिऱ्हाईक अर्धी मिशी घेऊन उठलं आणि पळालं. पेट्रोलच्या टाकीवर मधेच एक बकरी येऊन बसली आणि अरुणावती नदीच्या पुलाशी उतरून गेली, असंही सांगतात. शेवटी गाडी कुटाराच्या, म्हणजे गुरांसाठी ठेवलेल्या भुशाच्या, ढिगात शिरली आणि थांबली. बाहेर फक्त रहमतच्या चपला दिसत होत्या. त्यांतली एक हलत होती, म्हणून लोकांनी त्याला उपसून काढला.

त्या दिवशी रहमतच्या पोटात जी भीती शिरली, तिनं तिथंच बिऱ्हाड केलं. दुसरा माणूस मोटारसायकलपासून लांब राहिला असता. रहमतनं वेल्डिंगचं दुकान टाकलं आणि नवशिक्यांच्या गाड्यांना लोखंडी पाइपाचे गार्ड बसवायला घेतले. भित्र्या माणसानं भीतीचाच धंदा केल्यावर तो चालणार नाही तर काय? इतर लोक गाडी बघतात तेव्हा रंग बघतात, मायलेज विचारतात. रहमत नवी कोरी गाडी बघायचा आणि ती आडवी पडलेलीच त्याला दिसायची. गिऱ्हाइकाला उभ्या गाडीवर बसवून तो भोवती एक फेरी मारायचा आणि ही डावीकडं जाणार की उजवीकडं ते ठरवायचा. मग त्या बाजूला जाड पाइप, दुसऱ्या बाजूला साधा. पाइपावर जुन्या टायरच्या पट्ट्या. क्लच-ब्रेकच्या लिव्हरचे नट कसायचे, पण पुरते नाही. गाडी पडली तर लिव्हर जागच्या जागी फिरली पाहिजे, तुटता कामा नये. सीटखाली क्लचची एक जादा लिव्हर चिकटपट्टीनं बांधून ठेवायची.

आणि सगळ्यात शेवटी पाडणी.

पाडणी हा रहमतच्या दुकानाचा रिवाज होता. गार्ड बसला की दुकानासमोर बारदाना अंथरायचा, गाडी त्यावर उभी करायची, आणि मालकानं ती स्वतःच्या हातानं पाडायची. श्रावण गुरुजींनी कर्ज काढून गाडी घेतली, तेव्हा हेडलाइटला झेंडूचा हार तसाच होता. रहमत म्हणाला, "पाडा, गुर्जी." गुरुजींनी त्याच्याकडं असं पाहिलं की जणू पोटचं पोर विहिरीत लोटायला सांगितलं आहे. चहाच्या टपरीवरचे लोक कप घेऊन जवळ आले. गुरुजींनी हँडल धरून बराच वेळ काढला, घाम पुसला, आज मंगळवार आहे हेही सांगून पाहिलं. रहमत हटला नाही.

"आज माह्यासमोर पडन, तं काय मोडते ते समजते," तो म्हणाला. "उद्या पुलावर पडन, तं सांगाले कोनी राहत नाही."

गुरुजींनी डोळे मिटले आणि हात सोडले. धाड. काही मोडलं नव्हतं. मग पाडणीचा दुसरा भाग, ज्यानं पाडली त्यानंच उचलायची. गुरुजींनी ती उचलली, आणि हार सरळ करताना ते चक्क हसले. आर्णीत अशी शेकडो माणसं रहमतनं हसवून घरी पाठवली होती. स्वतः मात्र पाडणीच्या वेळी तो भिंतीला टेकून उभा राहायचा, कारण प्रत्येक धाडला त्याला कुटाराचा ढीग आठवायचा.

एवढी सगळी भीती त्यानं परक्यांसाठी वापरली होती. मग मुस्कानला नोकरी लागली.

मुस्कान त्याची एकुलती एक मुलगी, यवतमाळहून लॅबचा कोर्स करून आलेली. एका खासगी लॅबला आर्णीभोवतीच्या खेड्यांतून रक्ताचे नमुने गोळा करायला माणूस हवा होता. अट एकच, स्वतःची गाडी पाहिजे. एक तारखेला ती गाडीसकट हजर झाली नाही, तर यादीतली दुसरी मुलगी तयार होती. दिग्रसच्या मामांनी आपली जुनी मोटारसायकल दिली. चालवायला श्रावण गुरुजींनी तिला मार्केट यार्डात आधीच शिकवलं होतं. ही गोष्ट सगळ्या आर्णीला माहीत होती आणि रहमतला कळू नये याची सगळ्या आर्णीनं काळजी घेतली होती.

रहमत गाडीभोवती फिरला. डावीकडं जाणार की उजवीकडं? पहिल्यांदाच त्याला काही दिसेना, म्हणजे फार दिसलं. ती डावीकडं पडलेली दिसली, उजवीकडं पडलेली दिसली, ट्रकखाली दिसली, नाल्यात दिसली, आणि प्रत्येक वेळी गाडीजवळ एक ओढणी दिसली. त्यानं वेल्डिंगचा चष्मा चढवला तो कुणाला डोळे दिसू नयेत म्हणून.

पुढं लेगगार्ड झाला. लेगगार्डला वरून आडवा पाइप झाला. मग मागं गार्ड, सायलेन्सरला जाळी, हँडलला पंजे, इंडिकेटरला पिंजरे, टाकीला दोन्हीकडून टायरच्या गाद्या. रोज संध्याकाळी गाडी तयार व्हायची आणि रोज सकाळी तिच्यात काहीतरी कमी आहे असं त्याच्या लक्षात यायचं. आठवड्याभरात ती मोटारसायकल झूल घातलेल्या म्हशीसारखी दिसायला लागली. डबा घेऊन आलेल्या सुग्राबीनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, तिच्याभोवती एक चक्कर मारली आणि पोरीला बसायला जागा ठेवली आहे का, एवढंच विचारलं. घरात ही मंडळी हिंदी बोलत, पण दुकानातलं भांडण वऱ्हाडीत होई, म्हणजे टपरीवरच्यांना समजायला सोपं जाई.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी मुस्काननं स्वतःच बारदाना अंथरला.

रहमत म्हणाला की आज घाई नको. वेल्डिंग अजून गरम आहे. एक नट यवतमाळहून यायचा आहे.

"साऱ्या आर्णीले पाडाले लावलं, अब्बा," मुस्कान म्हणाली. "मलेच काहून नाही?"

टपरीवरचे कप खाली आले. रहमत भिंतीला टेकला. मुस्काननं हात सोडले.

पाइपांनी भरलेली बैलगाडी उलटावी तसा आवाज झाला. गाडीला ओरखडासुद्धा नव्हता. रहमतनं कित्येक दिवसांत पहिल्यांदा पुरता श्वास घेतला.

मग मुस्कान गाडी उचलायला वाकली. गाडी हलली नाही. तिनं ओढणी कमरेला खोचली आणि पुन्हा जोर लावला. पाइप थोडा करकरला, बस. श्रावण गुरुजी मदतीला धावले.

"हात लावू नका, गुर्जी," रहमत म्हणाला.

त्याचा आवाज ऐकून गुरुजी जागीच थांबले. रहमतला बारदाना दिसत नव्हता. नमुन्यांसाठी मुस्कानला जावं लागणार होतं तो सावळी सदोब्याचा रस्ता त्याला दिसत होता, दुपारची वेळ, दोन्हीकडं कपाशीची पऱ्हाटी, माणूस नाही, आणि त्यानं स्वतःच्या हातानं जोडलेल्या लोखंडाखाली अडकलेला एक पाय. इतके दिवस तो रस्त्याला भ्यायला होता, ट्रकला भ्यायला होता. आता त्याला आपल्याच वेल्डिंगची भीती वाटली, आणि ही भीती आधीच्या सगळ्यांहून मोठी होती.

त्यानं ग्राइंडर काढला. ठिणग्या उडत होत्या आणि एकेक पिंजरा, पंजा, जाळी खाली पडत होती. राहिला फक्त पुढचा लेगगार्ड, टायरच्या पट्टीसकट, आणि सैल कसलेल्या लिव्हर.

"आता पाड," तो म्हणाला. "अन् उचलताना वाकू नको. गाडीकडं पाठ कर, खाली बैस, पायानं उठव."

तिनं पाडली, पाठ केली, बसली. गाडी उठली. रहमतचा चेहरा बघून टपरीवर कुणी टाळी वाजवली नाही.

"आता बसा मांगं," मुस्कान म्हणाली. "सावळीपावतर जाऊन येऊ. तुमच्या डोयानं पाहून घ्या."

कुटारातून निघाल्यानंतर रहमत कधी मोटारसायकलवर बसला नव्हता. तो नाही म्हणणार होता. मग त्याच्या ध्यानात आलं की तो नाही म्हणाला तर ती एकटी जाईल. तो बसला. दोन्ही पाय त्यानं फुटरेस्टवर न ठेवता जमिनीजवळ लोंबते ठेवले आणि सगळ्या ओळखीच्या पीरांची नावं एका दमात घेतली. कापसानं फुगलेली ट्रॉली समोरून आली तेव्हा त्यानं डोळे मिटले. मिटल्यावर जास्त दिसलं, म्हणून उघडले. मुस्कानचीही मान ताठ होती आणि मागून त्याला तिच्या कानाजवळून उतरणारा घाम दिसत होता. म्हणजे पोरगी पण भ्याली आहे. हे त्याला सुचलंच नव्हतं.

वळणावर गिट्टी पसरलेली होती. आडवं एक वासरू आलं. मुस्काननं ब्रेक दाबला आणि पुढचं चाक सरकलं. गाडी सावकाश, झोपायला जावी तशी डावीकडं गेली. रहमतचे पाय आधीच खाली होते, त्यामुळं गाडी त्याच्याखालून निघून गेली आणि तो रस्त्यात उभाच राहिला.

मुस्कान पडली होती. ओढणी धुळीत होती. हे चित्र त्यानं इतक्या वेळा पाहिलं होतं की आता ते खरं आहे की नेहमीचं, हे त्याला कळेना. त्याला पळत तिच्याजवळ जायचं होतं. त्याऐवजी तो तिथंच खाली बसला. वासरू तिला हुंगून गेलं.

मग मुस्काननं पाय ओढून घेतला. लेगगार्डनं गाडी वर तोलून धरली होती, खाली पायापुरती जागा होती. ती उठली, कोपराचं रक्त ओढणीला पुसलं, आणि लिव्हर पाहिली. फिरली होती, तुटली नव्हती. तिनं ती जागेवर आणली. गाडीकडं पाठ केली, खाली बसली, गाडी उठवली. स्टँडवर लावली. नंतर येऊन रस्त्याच्या मधोमध बसकण मारलेल्या अब्बांनाही तिनं तसंच काखेत हात घालून उठवलं.

"लागलं का?" तिनं विचारलं.

"मले नाही लागलं," रहमत म्हणाला, आणि मुलीच्या देखत रडला.

दोघं तशीच सावळीला पोचली, पण तिथून तो एसटीनं परत आला. दुसऱ्या दिवशी मुस्कान कामावर हजर झाली आणि संध्याकाळी ती दिसेपर्यंत रहमतनं दुकानात एकही जोड नीट लावला नाही. पुढं रोज तसंच.

ती गाडी त्यानंतर एकदाही पडली नाही. वर्षभरानं लॅबनं नमुने गोळा करायचं काम एका व्हॅनवाल्याला दिलं आणि मुस्कानला काउंटरवर बसवलं. मोटारसायकल मामांनी परत नेली आणि एका दूधवाल्याला विकली.