शिपाईमामांचा झेंडा

आमच्या शाळेचे शिपाईमामा झेंड्याला शिवण्याआधी कोपरापर्यंत साबणाने हात धुवायचे. देवपूजेला मात्र नुसते पाणी चालायचे. मी त्याच शाळेत खिचडी शिजवायची. एकदा टोकलेच, "मामा, देवापरीस झेंडा मोठा व्हय?"

"देव माफ करतो, आक्का. ह्यो न्हाई करत."

पारनेरच्या बाजारातून नवा झेंडा आणायचा तर मामा पट्टी घेऊन जायचे. रुंदी दोन तर लांबी तीन, नाहीतर परत. चक्राचे आरे बोट ठेवून मोजायचे. एकदा तेवीसच भरले. दुकानदार म्हणाला, "एवढ्या उंचावर कोण मोजतंय?"

"मी मोजतो की," म्हणाले, आणि बदलून घेऊनच आले.

घरोघरी झेंडे लावायला सांगितले त्या वर्षी मीही लावला. दिवस उलटला, पण कापड दणकट होते. बाजरीवर पाखरे पडत होती, म्हणून मी तो बुजगावण्याच्या अंगावर घातला. मामा बांधावरूनच ओरडले, "आक्का, काय केलंस ह्ये?"

"पाखरं पळत्यात की."

"इंग्रज पळाले त्याच्यानं, आन तू चिमण्या हाकाया लावलाय!"

मामांनी तो उतरवला. मग सारे गाव पालथे घातले. एक झेंडा पाण्याच्या टाकीवर निघाला, एक ट्रॅक्टरच्या सीटवर. फाटलेले त्यांनी नियमाप्रमाणे शाळेमागे एकट्याने जाळले, कुणाला न बोलावता. माझा धड होता, तो घडी करायला मलाच दिला. "केशरी आन हिरवा पांढऱ्याच्या खाली. वर चक्र दिसलं पाहिजे." चुकले की हातावर चापट. साठीच्या बाईला!

परवाच्या आषाढात मामा गेले. तिरडी बांधून झाली आणि सरपंच शाळेतला झेंडा घेऊन आले, अंगावर घालायला. मामांच्या मुलाचे डोळे भरले. बापाला एवढा मान मिळावा, असे कुणाला वाटणार नाही? मी आडवी आले.

"न्हाई घालायचा. मामा फौजी न्हवते, सरकारी इतमामबी न्हाई. जुने हेडमास्तर गेले तवा मामांनीच अडवलं हुतं."

"खिचडीवाली कायदा शिकवती!" मागून कुणीतरी म्हणाले.

मुलगा पुढे आला. "आक्का, माझ्या बापानं जल्मभर सांभाळला त्यो. एक दिस त्याला न्हाई का?"

"म्हणूनच न्हाई."

मी रांजणापाशी गेले, साबण मागितला आणि कोपरापर्यंत हात धुतले. मुलाने सरपंचांच्या हातातला झेंडा घेतला आणि माझ्या तळहातांवर ठेवला. मी घडी केली. मामा साध्या पांढऱ्या कापडात गेले.

मुलाने महिनाभर माझ्याशी अबोला धरला. पंधरा ऑगस्टला सकाळी शाळेत आला, तेव्हाही माझ्याकडे बघितले नाही. सरळ नळावर गेला आणि बाह्या वर सारल्या.