वहिनीला काय पाठवावं

माझ्यावर सगळ्यांत मोठे उपकार आहेत ते माझ्या थोरल्या वहिनीचे. बारावीनंतर मी सायकलच्या दुकानात बसावं, असं घरात ठरलं होतं. दादाची नोकरी परगावी आणि वडिलांच्या हातांना कंप सुटलेला. लग्नाला वर्षही न झालेली वहिनी स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "भाऊजींना शिकू द्या. दुकानात मी बसते." आणि बसली. नवी सून पंक्चर कशी काढते ते बघायला गावातली पोरं मुद्दाम हवा सोडून यायची. ती मुकाट्याने हवा भरायची आणि पैसे घ्यायची. आमच्या घरातला पहिला पदवीधर त्या दुकानावर झाला.

बंगळुरूला नोकरी लागल्यावर मी ठरवलं, वहिनीला काही कमी पडू द्यायचं नाही. मिक्सर, पाणी शुद्ध करायचं यंत्र, पाय चोळायचं यंत्र, अशी खोकी गावी जात राहिली. हेब्बाळच्या ऑफिसात जेवताना कुणाच्या नव्या फ्लॅटचा, कुणाच्या परदेशवारीचा विषय निघाला, की परतीच्या बसमध्येच मी फोनवर काहीतरी मागवायचो. मग चामराजपेटच्या भाड्याच्या दोन खोल्यांत शिरताना जरा बरं वाटायचं.

गेल्या दिवाळीनंतर वहिनी फोन उचलेनाशी झाली. बऱ्याच दिवसांनी तिनेच केला.

"भाऊजी, राग मानू नका. खोकं आलं की मला काळजी लागते."

"का? बिघडलेलं निघालं का काही?"

"तुम्हीच बिघडलेले असता. तुमचं मन थाऱ्यावर नसलं की आमच्या दारात खोकं येतं. विचारलं की म्हणता, सगळं मस्त. मग बोलायचं कशाला?"

"वहिनी, तुमच्यासाठीच तर..."

"माझ्यासाठी करायचंय ना? मग तिकडे सुखाचं काय आहे ते कळवा. नसलं तर तसं कळवा. तोवर मी फोन उचलणार नाही. तुम्ही असं तोंड पाडून जगावं म्हणून मी दुकानात बसले नव्हते."

बायकोला सांगितलं तर ती हसली. "मला वाटायचं, हे फक्त मलाच माहीत आहे."

फोनवर 'सगळं मस्त' म्हणायची सवय जडलेली, म्हणून पत्र लिहायला बसलो. कागद कोराच राहिला. सुखाचं म्हणून जे जे सुचत होतं, ते सगळं पुढे कधीतरी मिळायचं होतं. हे मात्र मला लागलं. खोटं लिहिलं तर वहिनी ओळखणार, ही धास्ती होतीच. मग काही दिवस मी घरात आणि बाहेर नीट बघत राहिलो, आणि लिहिलं ते असं:

वहिनी, नमस्कार.

आमच्या घरमालकीण अक्कांचं घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे आलं. त्यांची मराठी निम्मी कानडी आहे. सकाळी खालून हाक येते, "कॉफी झाली, स्वल्प खाली ये रे." स्वल्प म्हणजे जरा. आधी हसू यायचं. आता त्या गावाला गेल्या की सकाळ सुनी वाटते.

आमच्याकडे ऊन एकाच खिडकीतून येतं. थंडीत आम्ही तिघं तिथे पाय पसरून बसतो. मुलगी सगळ्यात जास्त जागा घेते.

ऑफिस लांब आहे, पण मला काम येतं. कुणाचं अडलं की माझ्याकडे येतात. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, स्वतःलाही नाही.

हे सगळं आधीपासून होतं. तुम्ही विचारलंत म्हणून बघितलं. पण रोज असं वाटतं असंही नाही. परवा एकाने नव्या घराचे फोटो दाखवले आणि माझं तोंड उतरलं. बसमध्ये मोबाइल हातात घेतला होता, परत खिशात ठेवला. घरी येऊन बायकोला सांगितलं, तेव्हा हलकं वाटलं.

यासोबत काही पाठवत नाही. रविवारी दुपारी फोन करतो. उचला.