मागच्या माणसाचे दोन हिसके

लालासाहेब हवालदार सगळ्यांच्या शेवटी जेवायचे. आधी पंगतीतल्या प्रत्येकाच्या ताटावरून नजर फिरवायचे. वाटेनं चालताना मागं राहायचे. शेळी बांधली की दाव्याला हलका हिसका द्यायचे. शेळीनं मान हलवली की मगच घरात जायचे. तिन्हीसांज झाल्यावर पहिल्या हाकेला कधी ओ द्यायचे नाहीत.

ही शेवटची सवय साऱ्या गावाचीच होती. ओढ्यात चकवा आहे, तो ओळखीच्या आवाजात हाक मारतो, असं म्हाताऱ्या सांगत. जोतीरामला हसू यायचं. सांगलीत बी. ए. होऊन तो गावी परतला होता. नोकरी नव्हती. त्याची खरी दोस्ती जमली ती हवालदारांशीच.

एकाहत्तरची लढाई करून हवालदार पेन्शनीत आले होते. गाव कृष्णेकाठचं, आणि गाव नि मळे यांच्या मधून ओढा गेलेला. पावसाळ्यात मळ्यावरची माणसं तिकडंच अडकायची. हवालदारांनी जोतीरामसकट गावातली पोरं गोळा केली आणि देवळामागच्या माळावर खेळ सुरू केला.

खेळ साधा होता. डोळ्यांना फडकी बांधायची आणि एका लांब दोरीला ओळीनं धरून चालायचं. बोलायचं नाही. पुढच्यानं दोरीला एक हिसका दिला की तो सवाल: हायस का? मागच्यानं दोन हिसके दिले की तो जबाब: हाय. कुणी हाक मारो, शिवी देवो, वळायचं नाही.

गावानं चेष्टा केली. "हवालदारानं दावण लई झ्याक बांधलीया! गव्हाण तेवढी ऱ्हायली."

पोरांतला नाथाजी फडक्याखालून ओरडायचा, "पेंड कवा घालताय मग?"

"तोंड मीट रं," हवालदार म्हणायचे. "पाण्यात आवाज फसवतो. दोरी खोटं बोलत न्हाई."

पहिले काही दिवस पोरं एकमेकांवर आदळली, दगडांना अडखळली. पुढं पुढं हाताला कळू लागलं, मागचा थकलाय की घाबरलाय. ज्यांच्या घरांत बांधावरून बोलणं बंद होतं, ती पोरंही एका दोरीला आली.

एकदा नाथाजीनं विचारलं, "आवं हवालदार, मागनं जबाबच आला न्हाई तर?"

"ती तिसरी खूण हाय. रविवारी शिकवतो."

रविवारच्या आधीच ओढा फुगला. पलीकडं धरणेंद्रअण्णांच्या मळ्यात पाणी शिरलं. घरात अण्णा आणि त्यांची आई, राजमतीआक्का. दिवस मावळायला आला होता. पोरं न सांगता दोरी घेऊन काठावर जमली. त्या दिवशी कुणी हसलं नाही.

जाताना सगळं खेळासारखं झालं. परतताना पुढं नाथाजी, मागं इतर पोरं, मग अण्णा. मग आक्कांना पाठुंगळी घेतलेला जोतीराम. शेवटी, मनगटाला दोरीचा फास घालून, हवालदार.

पाणी छातीला लागलं. जोतीरामनं एक हिसका दिला. मागून दोन आले.

मध्यावर आक्का ओरडायला लागल्या. पाण्याच्या घोंघाटात शब्द कळेनात. त्या त्याच्या खांद्यावर बुक्क्या मारत होत्या. म्हातारी भ्याली, असं त्याला वाटलं. आवाज ऐकायचा नाही, हे अंगात मुरलेलं होतं. त्यानं मान वळवली नाही. फक्त दोरीला विचारलं. दोन हिसके आले. शांत, मोजके, नेहमीसारखे.

काठाला लागल्यावर त्यानं आक्कांना खाली ठेवलं आणि पुन्हा विचारलं. पुन्हा दोन.

"या की वर, हवालदार!" तो हसून वळला.

मागं नुसतं पाणी होतं.

त्यानं दोरी ओढली. ती हलकीच आली. टोकाचा फास तसाच आवळलेला होता, मनगटाएवढा. त्यातून हात निघाला कसा, हे कुणालाच सांगता येईना.

आक्कांचा आवाज बसला होता. "मघाच गेला की रं त्यो. झाडाचा ओंडका आला नि गेला. किती वरडले मी. एक जण बघंना."

"न्हाई आक्का," जोतीराम म्हणाला. "आत्ता जबाब दिला त्यांनी."

धरणेंद्रअण्णा म्हणाले, "धारेचा ताण आसंल, गड्या."

असेलही. पण धार विचारल्याशिवाय हिसका देत नव्हती. आणि विचारल्यावर दोनच देत होती.

हवालदारांचा देह सांगलीच्या अलीकडं नदीकाठच्या मळीत सापडला. मनगटावर वळ नव्हता.

तेराव्यानंतर जोतीराम त्यांच्या घरी गेला. अंगणात लिंबाला नवी दोरी बांधलेली होती. घायपाताची, निम्मी वळलेली. पुढचे पदर सुटून जमिनीवर पसरले होते. हवालदारांनी ती पोरांसाठीच वळायला घेतली होती, जास्त लांबीची.

हवालदारांच्या बायकोनं, राहीबाईनं, दोरीचे पदर गोळा केले. "एवढी पुरी करून टाकू. माझ्या एकटीच्यानं वळत न्हाई. कुनीतरी टोक धरा."

पोरं आली होती. नाथाजीही होता. सगळे खाली बघत उभे राहिले.

"धर की रं, जोतीराम."

त्यानं हात पुढं केला. दोरी वाऱ्यानं हलकी हलत होती. त्यानं हात मागं घेतला.

राहीबाईनं थोडा वेळ वाट पाहिली. मग पदर पुन्हा जमिनीवर सोडले आणि ती घरात गेली.