काठी धरलेला माणूस

बागेच्या कचेरीत अगदी मागे, बियाण्यांच्या कोठीला लागून एक अरुंद खोली होती. तिला दप्तरखोली म्हणायचे. खिडकी एकच आणि तीही उत्तरेची, कारण जुन्या फोटोंना ऊन चालत नाही. त्या खोलीत एका बाईने छत्तीस वर्षं काढली. तिचं खरं नाव हजेरीपुस्तकात होतं, पण अख्खी बाग तिला कात्रीताई म्हणायची. नाव पडलं तेव्हा तिला त्याचा केवढा अभिमान वाटला होता! कागद असो, फोटो असो, तिच्या कात्रीखालून निघाला की कड अशी सरळ, की दोरा लावून पाहावी.

तिचे वडील त्याच बागेत मुख्य माळी होते. अक्रोडाच्या हिरव्या सालींनी त्यांची बोटं कायमची काळी झालेली. जेवायला बसले की आई म्हणायची, "हात धुतलेत की नुसते भिजवलेत?" आणि ते म्हणायचे, "हा रंग आता माझ्याबरोबरच जाणार." तसंच झालं. बागेतल्या रोपांना पाणी घालता घालता छातीत कळ आली आणि माणूस उभ्याचा आडवा झाला. दीड महिन्याने मुलीला त्यांच्या जागी नोकरी मिळाली. लिहितावाचता येत होतं म्हणून फावडं न देता दप्तर दिलं.

त्या दप्तरात बागेच्या प्रत्येक मोठ्या झाडाचा इतिहास होता. दरवर्षी पानगळ झाली, खोडं उघडी पडली, की गावातला फोटोवाला कॅमेरा न् त्याचं तिकाटणं घेऊन यायचा. प्रत्येक झाडाचा एक फोटो, आणि प्रत्येक फोटोत डाव्या बाजूला एक माळी उभा. एका हातात फुटाफुटाला लाल-पांढरे पट्टे रंगवलेली काठी, म्हणजे झाड किती उंच ते कळावं. दुसऱ्या हातात छातीशी धरलेली पाटी, तिच्यावर खडूने झाडाचा क्रमांक आणि वर्ष. बावीस वर्षं त्या जागी तिचे वडील उभे राहिले होते. हसायची बंदी होती. फोटोवाला दटावायचा, "हसलात तर काठी हलते." फोटोंच्या यादीत प्रत्येक फोटोपुढे त्यांच्याविषयी एकच शेरा होता: 'प्रमाणासाठी माळी.'

ती कामाला लागली त्याच वर्षी नवे अल्बम आले. भारी पुठ्ठ्याचे, कोपऱ्यांना खाचा असलेले. फोटो मात्र त्या खाचांपेक्षा दीड बोट रुंद. ती जुन्या अधीक्षकांकडे गेली.

"साहेब, फोटो बसत नाहीत."

"मग कापा."

"कुठून कापू?"

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून एक फोटो पाहिला. "डावीकडून कापा की. झाड दिसलं म्हणजे झालं. ही बाग आहे, माळ्यांच्या घरचं लग्नकार्य नाही."

"त्यात पाटी आहे, साहेब. वर्ष आहे."

"खाली लिहून काढा. तुमचं अक्षर मोत्यासारखं आहे, ते काय लोणच्यात घालायचंय?"

पोरगी बावीस वर्षांची, घरात आजारी आई, नोकरीला सहा महिने. तोंड वर करून बोलायची टाप नव्हती. शिवाय, खोटं कशाला बोला, अक्षराचं कौतुक कानाला गोड लागलं होतं. तिने कात्री घेतली. आठवडाभर ती खिडकीपाशी बसून आपल्या बापाला कापत होती. काठी, पाटी आणि बाप अशी एकेक पट्टी मांडीवर पडायची. मग ती झाडाचा फोटो खाचांत बसवायची आणि खाली क्रमांक न् वर्ष लिहायची. एकही अक्षर ओळीबाहेर गेलं नाही. अधीक्षकांनी पाहून "वा!" म्हटलं.

पट्ट्या टाकवल्या नाहीत. दीडशेच्यावर होत्या. दोऱ्याने बांधून तिने त्या आईला नेऊन दिल्या. आईने पुडी उलगडली आणि एकेक पट्टी उजेडात धरून पाहिली. मग एवढंच म्हणाली, "एकाही फोटोत हसला नाही गं." त्यानंतर आई रोज सकाळी प्रार्थना झाली की पुडी काढायची आणि वरच्या पट्टीवर अंगठा फिरवायची. अकरा वर्षांनी आई गेली. मुलीने ती पुडी स्वतःच्या हाताने आईच्या हातात ठेवली. जे जिचं होतं ते तिच्याबरोबर गेलं. तेव्हा ते बरोबरच वाटलं होतं. पुढचं वाढून ठेवलेलं ताट माणसाला दिसत नाही, आणि ज्याला दिसतं तो बोलत नाही.

फोटो काढणं वडिलांच्या मागे बंदच पडलं होतं. फोटोवाल्याचं दुकान मोडलं, ज्यांवरून तो फोटो छापायचा त्या मूळ काचा कुणी पुसून खिडक्यांना लावल्या. काठी माळ्याच्या कोठीत पडून राहिली.

निवृत्तीला एक वर्ष उरलं असताना नव्या अधीक्षकांनी कात्रीताईला बोलावलं. बागेच्या पूर्वेची सात अक्रोडांची रांग काढून तिथे गाड्या उभ्या करायची जागा होणार होती. शंभर वर्षांवरच्या झाडाला कुऱ्हाड लावायची नाही असा कायदा होता, म्हणून आधी वयाची तपासणी. ती ऐकून निवांत झाली. लागवडवहीत स्पष्ट होतं, रांग लावून एकशे बारा वर्षं झाली. तिने वही काखेत मारली आणि तपासनिसासमोर जाऊन बसली.

तपासनीस सभ्य माणूस होता. त्याने वही पाहिली, मान डोलावली आणि आपल्याजवळचा एक कागद पुढे सरकवला. पन्नास वर्षांपूर्वीचा ठराव. त्या साली पाऊस पडलाच नव्हता, अक्रोड वाळत चालले होते, तेव्हा 'पूर्वेची रांग तोडून नवी लावावी' असं बागेच्या समितीने ठरवलं होतं.

"म्हणजे ही झाडं पन्नास वर्षांची, ताई."

"ठराव झाला, पण झाडं तोडली नाहीत!" ती म्हणाली. "माझ्या वडिलांनी तोडू दिली नाहीत. बागेतल्या सगळ्या घरांचं भांडी धुतलेलं पाणी डोक्यावरून वाहून घातलं त्यांनी. मी पाहिलंय, मी सात वर्षांची होते."

"सात वर्षांच्या मुलीची साक्ष मी कुठे लिहू?"

तिने अल्बम उघडला. ठरावानंतरच्या पंधरा वर्षांचे फोटो एकामागून एक दाखवले. मिठीत न मावणारी खोडं. कालच्या रोपाचं असं खोड असतं का?

तपासनिसाने फोटो जवळ नेला, लांब नेला. "झाड मोठं आहे, मान्य. पण हे ठरावाच्या आधीचं की नंतरचं, ते फोटोत कुठे आहे?"

"खाली लिहिलंय की."

"ते कुणाचं अक्षर?"

"माझंच."

"सुंदर अक्षर आहे," तो म्हणाला, आणि खरंच मनापासून म्हणाला. "पण फोटोतलं असं काही हवं. पाटी, खूण, काहीतरी."

पस्तीस वर्षांपूर्वी पडलेल्या पट्ट्या आत्ता तिच्या मांडीवर पडल्यासारखं तिला झालं. आपल्याच हाताने आपण बापाचा आवाज बंद केला होता, तोही सरळ कडेने.

"खोडाला बारीक भोक पाडून आतली वलयं मोजतात ना?" तिने विचारलं.

"मोजतात. त्याला माणूस बाहेरून बोलवावा लागतो, दोन महिने लागतात. माझ्याकडे नऊ दिवस आहेत."

नऊ दिवस ती कचेरीतलं एकेक कपाट उपसत होती. नवे अधीक्षक दारातून जाताना म्हणाले, "अहो, झाडंच आहेत. देव पुन्हा लावेल." ती म्हणाली, "लावतो देव, साहेब. पाणी मात्र माणसालाच घालावं लागतं." ते हसले आणि गेले.

सहाव्या दिवशी ती भावाकडे गेली. आईचं काही सामान तिथे होतं. वहिनीने दार उघडलं आणि तिचा चेहरा पाहून आधी पाणी दिलं.

"वन्सं, काय अवतार हा! जेवलात का?"

"आईची एखादी पिशवी, पेटी, काही राहिलंय का गं? वडिलांच्या पट्ट्या शोधतेय."

"त्या तर तुम्हीच सासूबाईंच्या हातात दिल्यात. मी तेव्हा म्हणालेसुद्धा, एखादी ठेवा."

"म्हणालीस?"

"म्हणाले की. तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत, जशी मी चोरी करायला आलेय." वहिनी पदर खोचत आत गेली आणि आईची पोथी घेऊन आली. "म्हणून मग मी खरंच चोरली. ओरडायचं तर ओरडा. माझी लेक आजोबांना कधी पाहणार, म्हणून एक काढून घेतली होती. वरचीच."

पोथीच्या मधल्या पानात ती पट्टी होती. आईने अकरा वर्षं अंगठा फिरवला ती, सगळ्यात वरची. चेहरा उरलाच नव्हता. कपाळापासून गळ्यापर्यंत नुसता पांढरा डाग, जणू माणसाने धुकं पांघरलंय. पण अंगठा छातीपर्यंत उतरला नव्हता. पाटी जशीच्या तशी होती. क्रमांक चार. वर्ष ठरावाच्या नंतरचं तिसरं. मागे फोटोवाल्याचा शिक्काही होता.

कात्रीताई वहिनीच्या गळ्यात पडली नाही, तिच्या स्वभावातच ते नव्हतं. ती खाली बसली आणि म्हणाली, "जेवायला वाढ."

तपासनिसाने पट्टी अल्बममधल्या फोटोला लावून पाहिली. एक फांदी फोटोतून निघून पट्टीत, काठीच्या मागे जात होती. कापल्या जागी ती केसाइतकीही चुकली नाही.

"कुणी कापलंय हे?"

"मी."

"फार सरळ कापलंत," तो म्हणाला. "म्हणून जुळलं." मग त्याने कागदावर लिहायला घेतलं. "क्रमांक चार सिद्ध. ठेवायचा."

"आणि बाकीचे सहा?"

"त्यांचं काय?"

"एकाच रांगेतले आहेत! एकाच दिवशी लावलेले. एक तोडला नाही, तर बाजूचे सहा तोडले असतील का?"

"मला तसं वाटत नाही," तो हळू म्हणाला. "पण मला काय वाटतं ते लिहायला इथे रकाना नाही."

झाडं दोन दिवसांत पडली. ती दोन्ही दिवस तिथे उभी होती. तोडणारा मुकादम रांगडा, तोंडाचा फटकळ, पण तिला पाहून मशीन थांबवायचा. "मोजा, ताई. घाई नाही. मेलेल्याला कसली घाई." ती ओल्या बुंध्यापाशी गुडघे टेकायची आणि टाचणीने वलयं मोजायची. पहिल्या झाडाची एकशे अकरा. दुसऱ्याची एकशे अकरा. तिसऱ्याला आतून कीड होती, तरी शंभरावर चार स्पष्ट. प्रत्येक बुंध्यात कडेपासून पन्नासाव्या जागी एक वलय दोऱ्यासारखं बारीक होतं. ते कोरडं वर्ष. त्याच्या पुढची वलयं रुंद होत गेलेली. मुकादम वाकून म्हणाला, "इथे मरता मरता वाचलंय बघा. कुणीतरी पाणी घातलं असणार." ती पुढचं वलय मोजत राहिली. तिच्या बोटांना अक्रोडाचा काळा रंग लागला होता.

आकडे घेऊन ती पुन्हा तपासनिसाकडे गेली. त्याने ते वाचले, चष्मा पुसला, परत वाचले. "हे आता जोडता येईल," तो म्हणाला, "पण उपयोग..." आणि वाक्य तिथेच सोडून दिलं.

निवृत्तीच्या आठवड्यात तिने कोठीतून काठी शोधून काढली. रंग उडाला होता, पट्टे मात्र ओळखू येत होते. चौथ्या अक्रोडाचा फोटो एका माळ्याने फोनवर काढला. डावीकडे ती उभी, एका हातात काठी, छातीशी पाटी. माळी म्हणाला, "ताई, जरा हसा." ती म्हणाली, "काठी हलते."

दप्तरखोलीत येऊन तिने फोटोंच्या यादीतले 'प्रमाणासाठी माळी' असे सगळे शेरे शोधले. एकशे चोपन्न होते. प्रत्येकापुढे तिने त्याच मोत्यासारख्या अक्षरात वडिलांचं पूर्ण नाव लिहिलं, आणि त्यापुढे 'फोटोचा हा भाग मी कापला' असं लिहून खाली सही केली. तीन दिवस लागले. नव्या अधीक्षकांनी विचारलं, "हे कशाला? उगाच स्वतःच्या अंगावर." ती म्हणाली, "वर एक वही आहे, तिच्यात आधीच लिहिलेलं असणार. इथली तिच्याशी जुळावी म्हणून."

पट्टी मात्र तिला परत मिळाली नाही. पुरावा म्हणून ती सरकारी फाइलीत मोहरबंद झाली. वहिनीने लेकीसाठी राखलेली, तीही गेली. बदल्यात तिला एक पावती मिळाली. ती तिने आईच्या पोथीत, मधल्या पानात ठेवली. पावतीवर कुणा कारकुनाच्या घाईच्या अक्षरात लिहिलं होतं: 'फोटोचा तुकडा, नग एक. त्यात काठी, पाटी. माणूस आहे, ओळख पटत नाही.'