खोकला न आलेला हंगाम

“दमा नाही हा. बिसिनोसिस आहे,” डॉक्टर म्हणाले.

मी म्हटलं, साहेब, जरा आमच्या भाषेत सांगा. कापसाच्या धुळीने होणारा फुप्फुसांचा आजार, असं त्यांनी सांगितलं. मग विचारलं, “सुट्टीनंतर सोमवारी कामावर गेलात की छाती जास्त आवळते का?”

आवळायची. सोमवारचं मी त्यांना सांगितलंच नव्हतं.

जळगावजवळच्या एका जिनिंगमध्ये मी सव्वीस वर्षं मुकादम आहे. इथे मशीनवर कापसातून सरकी वेगळी होते आणि दिवसभर हवेत धूळ आणि तंतू उडत असतात. दिवाळीनंतर काम जोरात आलं की सगळेच खोकायचे. आम्ही त्याला हंगामाचा खोकला म्हणायचो. त्यावर औषध काय, तर संध्याकाळी गुळाचा खडा. मीच वाटायचो. गूळ खाल्ला की धूळ खाली उतरते म्हणे! अरे बाबांनो, पोटात गेलेला गूळ फुप्फुसातली धूळ कशी उतरवणार? पण हे विचारायला डोकं लागतं.

डॉक्टरांनी माझी पीएफटी केली. म्हणजे नाकाला चिमटा लावून नळीत जीव खाऊन फुंकायचं आणि श्वासाला किती जोर आहे ते मशीन मोजतं. मी तीनदा फुंकलं, तिन्ही वेळा डोळ्यांपुढे अंधारी आली. नंतर बाहेर बाकावर बसवलं. रिपोर्टची वाट बघताना मला कोरोनाचा हंगाम आठवला.

कोरोनाने माझा मेव्हणा नेला. त्या रोगाचं चांगलं बोलायला जीभ धजत नाही. पण खरं ते खरं. त्या हंगामात मास्कशिवाय आत यायचं नाही असा हुकूम होता, आणि त्या हंगामात आमच्याकडे खोकला जवळजवळ नव्हताच. गुळाची ढेप तशीच पडून राहिली, तिला मुंग्या लागल्या. मी ते डोळ्यांनी पाहिलं आणि हसून ढेप गुरांना घातली.

सक्ती उठली तेव्हा पहिला मास्क मी काढला. मला तंबाखू खायची असायची, दुसरं काही कारण नाही. हळूहळू सगळ्यांनी काढले. एकट्या अक्कांनी काढला नाही.

अक्का साक्रीकडच्या. हंगामापुरत्या सुनेला घेऊन यायच्या आणि मशीनवर कापूस टाकायच्या. मला म्हणाल्या, “भाऊ, हाई बांधस ते खोकला येस नही. ऱ्हाऊ द्या ना.”

आणि मी काय बोललो? “अक्का, या वयात तोंड कोणापासून लपवता? नवी नवरी का तुम्ही?” सगळ्या बाया खो खो हसल्या. अक्कांनी लाजून मास्क काढला आणि कनवटीला खोचला. पुन्हा कधी बांधला नाही. तेव्हा माझी जीभ का झडली नाही, असं आता वाटतं.

रिपोर्ट आला. माझ्या फुप्फुसांचं नुकसान मध्यम होतं. धूळ टाळली आणि तोंडात मारायचा श्वासाचा फवारा घेतला तर पुढची घसरण थांबेल, असं डॉक्टर म्हणाले. माझं मन मात्र अक्कांपाशी अडकलं होतं, कारण त्या दोन हंगाम आल्याच नव्हत्या. म्हातारपण, असं सून सांगायची.

मी साक्रीला गेलो. अक्का ओट्यावर बसल्या होत्या. मला बघून उठायला गेल्या आणि तेवढ्यानेच धापा टाकायला लागल्या. दुसऱ्या दिवशी त्यांना धुळ्याच्या दवाखान्यात नेलं. तिथे त्यांना धड फुंकताही येईना. नर्स म्हणत होती, “अजून जोरात, आजी.” मला ते बघवेना.

तिथल्या डॉक्टरांना मी एकटं गाठलं. विचारलं, मास्क ठेवला असता तर? ते म्हणाले, “किती वाचलं असतं ते मी सांगू शकत नाही. साध्या मास्कने सगळी धूळ अडत नाही. पण त्यांना फरक पडत होता ना? मग ऐकायला हवं होतं. आता गेलेलं परत येणार नाही.” घरी ऑक्सिजनचं मशीन लावायला सांगितलं.

मी अक्कांचे पाय धरले. म्हटलं, चूक माझी आहे. त्या माझ्यावर रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. श्वास घेत घेत म्हणाल्या, “मनं व्हयनं ते व्हयनं, भाऊ. पन सून आते मना जागावर उभी ऱ्हास. तिले मास्क बांधाले सांगा. मनं ऐकस नही, तुम्हनं ऐकी.”

तुमच्यापैकी कोणी जिनिंगमध्ये, सूतगिरणीत असेल आणि सुट्टीनंतर छाती आवळत असेल, तर गूळ चघळत बसू नका. छातीच्या डॉक्टरांकडे जा. चांगला मास्क बांधा. आणि कुणी बांधत असेल तर कृपा करून त्याला हसू नका.

परत आल्यावर सकाळीच मी मशीन थांबवायला लावलं. सगळ्यांना मास्क दिले आणि आधी स्वतः बांधला. “आजपासून हे तोंडावर पाहिजे,” एवढंच म्हणालो. अक्कांच्या सुनेने बांधला, तिच्या शेजारणीने बांधला, मग सगळ्यांनी. मुकादम म्हणतो म्हटल्यावर कुणी का म्हणूनही विचारलं नाही.

दोन मिनिटांत मशीन पुन्हा सुरू झालं. दोनच मिनिटांचं काम होतं हो, आणि अक्कांसाठी तेवढंही मी केलं नाही.