खालची नळी

आमच्या यजमानांना जुन्या गाडीचा नाद होता. नव्वदच्या दशकात आम्ही गंगापूर रोडला राहायला आलो आणि थोड्याच दिवसांत त्यांनी देवळालीच्या एका म्हाताऱ्या बाईंकडून त्यांच्या दिवंगत नवऱ्याची विलायती गाडी घेतली. काळी, गोल पाठीची, आमच्या दोघांच्याही जन्माआधीची. ते सातपूरला एका कारखान्यात टूलरूममध्ये होते. सुट्टीचा दिवस गाडीखाली जायचा. मला गाडीचं प्रेम नव्हतं आणि रागही नव्हता. गाडी चालवायला मी शिकले होते, पण ही अवजड गाडी फारशी हातात घेत नसे.

तिला एकच खोड होती. गावात कितीही फिरवा, शांत. लांबच्या चढाला लागली की तापायची. यजमानांनी रेडिएटर साफ करून घेतला, थर्मोस्टॅट काढून टाकला, फॅनचा पट्टा नवा घातला. दर वेळी त्यांना वाटायचं, आता सापडलं. आणि दर वेळी चढावर काटा लाल खुणेकडे सरकायचा.

एका उन्हाळ्यात सिन्नरला चुलत नणंदेचा साखरपुडा होता. मोहदरीच्या घाटात गाडी उकळली. बॉनेटखालून वाफ येऊ लागली तशी त्यांनी गाडी कडेला घेतली. आम्ही बराच वेळ झाडाखाली थांबलो. उशीर होत होता, सासूबाईंच्या ओरडण्याची धास्ती होती. शेवटी ते उठले, फडकं घेतलं आणि रेडिएटरच्या झाकणावर ठेवलं.

"थांबा ना अजून जरा," मी म्हणाले.

"निवलंय गं," ते म्हणाले आणि झाकण पिळलं.

आवाज आठवतो तो पाण्याचा नव्हता, कापड फाटल्यासारखा होता. ते दोन्ही हात चेहऱ्यावर धरून मागे पडले. मी त्यांच्याकडे धावले खरी, पण हात लावायचा कुठे ते कळेना. मागून सिन्नरकडे जाणारी काळीपिवळी जीप थांबली. ड्रायव्हर उडी मारून आला.

"ताई, पाणी टाका, पाणी. लय भाजलंय. चोळू नका."

रेडिएटरसाठी आणलेला पाण्याचा डबा गाडीत होता. तो आम्ही त्यांच्या तोंडावर रिता केला. जीपमधली माणसं लगेच उतरली, आणि ड्रायव्हरने जीप उलटी नाशिककडे वळवली. सबंध वाटेत यजमान एकच वाक्य बोलले. "डोळे उघडत नाहीत."

डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या बांधल्या. गाल आणि कपाळ बरं होईल म्हणाले. डोळ्यांबद्दल मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "आत्ता काही सांगता येणार नाही. पट्टी सुटल्यावर बघू." त्यांना घरी आणल्यावर मी न्हाणीघरात नळ सोडून रडले, म्हणजे त्यांना ऐकू जायला नको.

नंतरचे दिवस मला भीतीचेच आठवतात. कुकरची शिटी व्हायला लागली की मी स्वयंपाकघरातून बाहेर पळायची. पुढे पुढे कुकर काढायचाच नाही असं ठरवलं आणि वरणभात पातेल्यात शिजवू लागले. ते पलंगावर पडून असत. बोलत नसत. एक हात कायम पलंगाच्या कडेला धरलेला. मी जवळ गेले की विचारायचे, "दिवस आहे ना?" बाहेर लख्ख ऊन असायचं.

गाडी त्यांच्या कारखान्यातल्या मित्रांनी ओढून आणून पोर्चमध्ये ठेवली होती. मी तिच्याकडे पाहत नव्हते. एक दिवस मी म्हणाले, "भंगारवाल्याला बोलावते."

"बोलव," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने म्हणाले, "पण काय झालं होतं तेवढं कळू दे. मग दे कोणाला द्यायची ती."

मला संताप आला. काय कळायचं राहिलं होतं? पण ते पुढे बोलायला लागले. इंजिनाच्या सांध्यातलं गॅसकेट गेलं असेल तर ऑइलमध्ये पाणी उतरतं, ते चहासारखं दिसतं. गेलं नसेल तर पाण्याचा पंप. पण पंप गेला असता तर गावातही तापली असती. अपघातानंतर इतकं सलग ते पहिल्यांदा बोलत होते, आणि पलंगाच्या कडेचा हात सुटला होता. तो सुटलेला हात पाहून मी म्हणाले, "मी काय बघू ते सांगा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बॉनेट उघडलं. इंजिन कितीतरी दिवस बंद होतं, थंडगार. हे मला ठाऊक होतं. तरी त्या झाकणाला हात लावायला मी पुढे व्हायची आणि मागे यायची. पलंगाजवळच्या खिडकीतून ते विचारत होते, "उघडलं का?"

"उघडते."

"थंड आहे गं. गार इंजिनात काही नसतं."

"तुम्ही तेव्हाही निवलंय म्हणाला होता."

 मी जाड टॉवेल गुंडाळला, तोंड दुसरीकडे केलं आणि झाकण फिरवलं. काहीच झालं नाही. मी तिथेच पायरीवर बसले. मग पाणी पाहिलं. त्यावर तेलाचा तवंग नव्हता. ऑइलची पट्टी काढून पाहिली. ऑइल काळं होतं, चहासारखं नाही.

"म्हणजे गॅसकेट नाही," आतून आवाज आला. "आता चालू करून बघावं लागेल."

चालू करायचं म्हणजे एकाने आत बसून रेस द्यायची आणि एकाने पुढे उभं राहून पाहायचं. मी म्हणाले, शेजारच्यांना बोलावते. त्यांना ते नको होतं. पट्ट्या बांधलेला चेहरा त्यांना कोणाला दाखवायचा नव्हता. "रेस मी देतो," ते म्हणाले. "त्याला डोळे लागत नाहीत."

मी त्यांना धरून पोर्चमध्ये आणलं. सीटवर बसवलं. त्यांनी चाचपडत स्टिअरिंग धरलं, गिअर हलवून न्यूट्रल असल्याची खात्री केली, हॅन्डब्रेक ओढला. मी चाकांपुढे विटा लावल्या. एकेक वीट लावल्यावर ते विचारायचे, "घट्ट बसली?" आणि मी हलवून पाहायची.

"झाकण उघडंच ठेव," ते म्हणाले. "म्हणजे आत वाफ कोंडणार नाही. पाणी तापायला लागलं की लगेच बंद करू. आणि पदर खोच. फॅनपासून लांब राहा."

इंजिन चालू झालं. फॅन फिरताना दिसेनासा झाला. मी बॉनेटच्या कडेला, अंग चोरून उभी. तेवढ्यात त्यांचा हात हॉर्नवर पडला. मी किंचाळले. ते आतून ओरडले, "काय झालं? लागलं का?" त्यांचा आवाज इतका फाटला होता की मला माझी भीती गिळून म्हणावं लागलं, "काही नाही. हॉर्न वाजला फक्त."

"चढावर देतो तेवढी रेस देतो आता. काय दिसतं ते सांगत राहा."

आवाज वाढला. मी सांगत गेले. वरची नळी थरथरतेय. पट्टा नीट फिरतोय. गळत कुठेच नाही. मग मी खाली वाकून रेडिएटरच्या तळाशी जोडलेल्या जाड रबरी नळीकडे पाहिलं.

"खालची नळी आत गेली," मी म्हणाले.

"आत म्हणजे?"

"चपटी झाली. आपण गाल आत ओढतो ना, तशी."

त्यांनी पाय काढला. इंजिन मंद झालं आणि नळी पुन्हा फुगून गोल झाली. "आता?" त्यांनी विचारलं.

"आता ठीक आहे."

त्यांनी पुन्हा रेस दिली. नळी पुन्हा मिटली, दोन्ही बाजू एकमेकींना चिकटल्या. मी ओरडून सांगितलं. त्यांनी गाडी बंद केली. पोर्चमध्ये एकदम शांत झालं.

"त्या नळीत तारेचं स्प्रिंग असतं," ते हळू बोलू लागले. "ती चपटी होऊ नये म्हणून. ते गंजून गेलं असणार. पंप जोरात ओढायला लागला की नळी मिटते आणि पाणी थांबतं. गावात तेवढा जोर लागतच नाही. आणि मी दर वेळी गाडी थांबवून बघायचो. थांबवली की नळी गोल."  बोलता बोलता त्यांच्या पट्टीखाली पाणी आलं आणि मिठाने चुरचुरू लागलं, तसं त्यांनी मान मागे टाकली. मी दार उघडून त्यांच्या शेजारी बसले. 

पट्टी सुटली त्या दिवशी डॉक्टरांनी खोली अंधारी केली होती. मी भिंतीला टेकून उभी होते. यजमानांनी उजवा डोळा उघडला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "तू वाळलीस." डाव्या डोळ्यासमोर धुकं राहिलं. ते नंतरही पूर्ण गेलं नाही, पण त्यांचं काम सुटलं नाही.

नळी सातपूरच्या एका दुकानात मिळाली, स्प्रिंगसकट. गाडी भंगारात गेली नाही. पावसाळ्यानंतर आम्ही तिला मोहदरीला नेलं. डॉक्टरांनी त्यांना अजून परवानगी दिली नव्हती म्हणून मी चालवत होते. सबंध चढ माझी नजर रस्त्यापेक्षा काट्यावर जास्त होती. शेवटी तेच म्हणाले, "समोर बघ, काटा मी बघतो." काटा मधोमध राहिला. वर पोहोचल्यावर मी गाडी थांबवली तरी स्टिअरिंगवरची बोटं सुटेनात.

तेव्हा त्यांनी मला सांगितलं. पोर्चमध्ये इंजिन चालू केल्यावर त्यांना डोळ्यांची आठवणही नव्हती. "विटा सरकल्या आणि गाडी पुढे गेली तर तू समोर आहेस, आणि मला ते दिसणार नाही," एवढं एकच त्यांच्या मनात होतं. म्हणून ते म्हणाले होते, काय दिसतं ते सांगत राहा. नळीचं त्यांना तेव्हा काही पडलं नव्हतं. मी कुठे आहे ते त्यांना माझ्या आवाजावरून कळत होतं.

मी फॅनला भीत होते, वाफेला भीत होते. गाडीच अंगावर येऊ शकते हे माझ्या मनातही आलं नव्हतं. मी गाडी पुन्हा चालू केली आणि आम्ही सिन्नरच्या बाजूने खाली उतरलो.